नियमित क्रियापदाचा धडा
(केंद्रातील मासिक शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेत मी स्पॅनिश भाषेतील एक क्रियापद वर्तमानकाळात चालवून दाखविणार आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. आपल्या शाळांच्या अभ्यासक्रमात ही भाषा नाही, आणि ती आपण मुलांना शिकवावी असा माझा आग्रहही नाही. परंतु वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी या भाषेचा विद्यार्थी झालो, आणि तीस वर्षे शिक्षक व विस्तार अधिकारी म्हणून काम करून जे ध्यानात आले नव्हते, ते एका क्रियापदाने माझ्या ध्यानात आणून दिले. ते आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझी पुतणी पुण्यास राहून स्पॅनिश शिकते. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती घरी आली असता मी सहज म्हणालो, "मलाही थोडे शिकव." तिने वहीच्या एका पानावर सहा रूपे लिहून दिली. संस्कृतची धातुरूपे पाठ केलेल्या पिढीतला मी. पंधरा मिनिटांत ती सहाही रूपे घडाघडा म्हणून दाखविली. मग तिने मला स्पॅनिशमध्ये एवढेच विचारले, "काका, तुम्ही मराठी बोलता का?" मला उत्तर देता येईना. "मी बोलतो" हे सांगण्यासाठी मला सहा रूपांची माळ पहिल्यापासून जपावी लागली. पाठांतर होते, भाषा नव्हती. वर्गात पाढे म्हणणारे, पण "सात पेनांचे किती पैसे?" या प्रश्नाला गप्प राहणारे मूल त्या क्षणी मला आतून कळले.

आता त्या क्रियापदाकडे वळू. स्पॅनिश ही स्पेनची भाषा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत अमेरिका खंडांतील बहुसंख्य देशांतही तीच चालते. या भाषेतील प्रत्येक क्रियापदाचे मूळ रूप 'आर', 'एर' किंवा 'ईर' यांपैकी एका अक्षरसमूहाने संपते. संस्कृतात धातूंचे दहा गण आहेत. येथे तीनच आहेत असे समजावे. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'बिबीर' म्हणजे राहणे किंवा जगणे. मराठीत 'बोलणे' यातील 'णे' काढला की 'बोल' हा धातू उरतो. त्याचप्रमाणे 'आब्लार' यातील 'आर' काढला की 'आब्ल' उरतो. त्यास पुढील प्रत्यय लागतात.

यो आब्लो : मी बोलतो, मी बोलते
तू आब्लास : तू बोलतोस, तू बोलतेस
एल आब्ला : तो बोलतो
एया आब्ला : ती बोलते
नोसोत्रोस आब्लामोस : आम्ही बोलतो, आपण बोलतो
बोसोत्रोस आब्लाइस : तुम्ही बोलता
एयोस आब्लान : ते बोलतात

पहिली गोष्ट आपल्या लक्षात आलीच असेल : तेथेही 'तू' म्हणजे तूच. त्यात योगायोग नाही. संस्कृत आणि स्पॅनिशची जननी लॅटिन या एकाच मोठ्या भाषाकुळातील आहेत. 'वदसि, वदामः, वदन्ति' ही रूपे मनात आणा आणि त्यांशेजारी 'आब्लास, आब्लामोस, आब्लान' ठेवा. 'तू'साठी 'स', 'आम्ही'साठी 'म', 'ते'साठी 'न' ही खूण दोन्हीकडे दिसते. 'वदति' यातील 'त' लॅटिनमध्ये होता. स्पॅनिशमध्ये तो झिजून गेला, म्हणून 'आब्ला' हे रूप रिकामे उरले.

दुसरी गोष्ट प्रत्ययाच्या सामर्थ्याची. स्पॅनिश मनुष्य 'यो', 'तू' हे शब्द बहुधा उच्चारीतच नाही. 'आब्लो' एवढे म्हटले की बोलणारा कोण ते कळते. सर्वनाम जोर देण्यापुरते किंवा घोटाळा टाळण्यापुरते येते. आपणही "येतोस का?" असे विचारतो आणि "येतो" असे उत्तर देतो. इंग्रजीत हे चालत नाही, कारण तेथे प्रत्यय जवळजवळ गळून गेले आहेत. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. इंग्रजी वाक्यातील कर्ता मूल गाळते, तेव्हा ते निष्काळजी आहे असे आपण समजतो. वास्तविक त्याची मातृभाषा त्याला सांगत असते की क्रियापदाने कर्ता सांगितलाच आहे.

तिसरी गोष्ट आघाताची. 'आब्लो' म्हणताना जोर 'आ'वर द्यावा, म्हणजे 'मी बोलतो' असा अर्थ होतो. तोच जोर 'ब्लो'वर गेला तर 'तो बोलला' असा अर्थ होतो. अक्षरे तीच, परंतु पुरुषही बदलला आणि काळही बदलला. लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर एक तिरपी रेघ देतात. म्हणून ही भाषा केवळ डोळ्यांनी शिकता येत नाही, कानांनी शिकावी लागते. कोणती भाषा त्यास अपवाद आहे?

चौथी गोष्ट मराठीच्या बाजूने सांगितली पाहिजे. 'मी बोलतो' आणि 'मी बोलते' हा भेद स्पॅनिश क्रियापद करीत नाही. पुरुष असो वा स्त्री, 'आब्लो' एकच. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही त्या क्रियापदात नाही. आपल्या मुलांस हे भेद शाळेत येण्यापूर्वीच अवगत असतात. ज्याची घरची भाषा मराठी आहे असे पाच वर्षांचे मूल व्याकरणाचे केवढे भांडवल घेऊन आपल्या दारी येते, याची कल्पना परक्याच्या भाषेशी तुलना केल्यावाचून येत नाही.

आता उरलेले दोन गण पाहू. 'कोमेर'ची रूपे अशी : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'बिबीर'ची अशी : बीबो, बीबेस, बीबे, बिबीमोस, बिबीस, बीबेन. हा शब्द लिहितात वेगळ्या अक्षराने, पण त्याचा उच्चार 'ब'च्या जवळचा आहे. तिन्ही गणांची मिळून अठरा रूपे झाली; परंतु अठरा पाठ करण्याची गरज नाही. 'मी'साठी तिन्ही ठिकाणी 'ओ' आहे. पुढे पहिल्या गणात 'आ' हा स्वर येतो, दुसऱ्यात 'ए'. तिसरा गण दुसऱ्याचीच रूपे उसनी घेतो. केवळ 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन ठिकाणी तो आपला 'ई' दाखवितो. ज्याने पहिले दोन गण समजून घेतले, त्याला तिसऱ्यासाठी दोनच नवी रूपे शिकावी लागतात. नियमाचे महत्त्व हेच आहे. नियम गवसला की ओझे उतरते.

रूपे आली, आता त्यांचा उपयोग. रोजची सवय सांगण्यासाठी हा काळ येतो : 'कोमो पान', म्हणजे मी पाव खातो. 'पान' म्हणजे भाकरी किंवा पाव. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या बहिणी आहेत. या क्षणी चाललेली क्रियाही याच काळाने सांगता येते : 'के कोमेस?' म्हणजे काय खातोस? नजीकच्या भविष्यासाठीही तो चालतो. आपण "उद्या बोलतो" म्हणतो, तसे ते 'मान्याना आब्लो' म्हणतात. पूर्वीपासून आजवर चालू असलेली गोष्टही याच काळात येते. "मी दहा वर्षांपासून येथे राहतो" या मराठी वाक्यात वर्तमानकाळ आहे. स्पॅनिश वाक्यातही 'बीबो' असेच येते. इंग्रजीत या ठिकाणी निराळाच काळ योजावा लागतो, आणि नेमके तेथेच आपले विद्यार्थी अडखळतात.

नकारासाठी क्रियापदापूर्वी 'नो' ठेवला की झाले : 'नो आब्लो', मी बोलत नाही. प्रश्नासाठी रूप बदलत नाही, स्वर चढतो. लेखनात मात्र प्रश्नाच्या प्रारंभीही एक उलटे प्रश्नचिन्ह देतात. स्पॅनिश अकादमीने हा नियम १७५४ साली घालून दिला. वाचणाऱ्यास प्रथमपासूनच कळावे की प्रश्न सुरू झाला आहे, हा त्यामागील हेतू. आपली मुले प्रश्नाचे वाक्य सपाट स्वरात वाचून शेवटच्या चिन्हापाशी एकदम थबकतात, हे आपण नेहमी पाहतो. प्रकटवाचनापूर्वी प्रश्नाच्या आरंभी पेन्सिलीने एक टिंब द्यावयास सांगितले तरी हा दोष बराच कमी होतो.

आदरार्थी बोलण्याचा प्रकारही ध्यानात घेण्याजोगा आहे. वडीलधाऱ्यास किंवा अपरिचितास 'उस्तेद' म्हणतात. जुन्या काळी समोरच्यास 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दोन शब्दांनी संबोधीत. ते झिजून 'उस्तेद' झाले. कृपा ही तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही 'तो'चे येते : 'उस्तेद आब्ला', आपण बोलता. अनेकांस 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात. अमेरिका खंडांत तर 'बोसोत्रोस' हे रूप व्यवहारात राहिलेलेच नाही. मित्र असोत वा वडील, अनेकांस 'उस्तेदेस'च. आणि अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात. क्रियापद 'आब्लास' हेच, पण जोर शेवटच्या अक्षरावर येतो. आंद्रेस बेय्यो या थोर व्याकरणकाराने, ज्यांचे व्याकरण १८४७ साली प्रसिद्ध झाले, चिलीतील लोकांच्या या 'बोस'ला दोष दिला होता. शाळामास्तरांनी तो मुलांच्या तोंडून काढून टाकण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. लोक बोलत राहिले. अखेर १९८२ साली अर्जेंटिनाच्या भाषा-अकादमीने त्या रूपास मान्यता दिली. आपल्याकडेही काही बोलींत वडीलधाऱ्यांस 'तू' म्हणण्याची रीत आहे. अशा घरातील मूल गुरुजींस 'तू' म्हणाले, तर तो उद्धटपणा समजण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काही दिवसांनी पुतणीने दूरध्वनीवरून माझी परीक्षा घेतली. 'साबेर' म्हणजे माहीत असणे. 'तुला माहीत आहे' हे मी बरोबर सांगितले : 'साबेस'. 'त्याला माहीत आहे' : 'साबे'. मग तिने 'मला माहीत आहे' हे विचारले. मी मोठ्या आत्मविश्वासाने 'साबो' म्हणालो. कोमो, बीबो, तसे साबो. पलीकडून हसण्याचा आवाज आला, पण त्या हसण्यात उपहास नव्हता. ती म्हणाली, "काका, तुम्ही नियम अगदी बरोबर लावलात. हा एकच शब्द नियम पाळत नाही. तेथे 'से' म्हणतात. स्पेनमधली लहान मुलेसुद्धा आधी 'साबो'च म्हणतात."

मी दूरध्वनी खाली ठेवला, आणि मला तीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला.

नोकरीचे दुसरे वर्ष होते, शाळा द्विशिक्षकी होती. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरची भाषा मराठी नव्हती. पहिले कित्येक महिने तो वर्गात एक अक्षर बोलला नाही. एके दिवशी तो आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मी सगळा अभ्यास करला." वर्ग हसला. मीही हसलो. त्याला पाटीवर 'केला' हा शब्द पन्नास वेळा लिहावयास लावला. त्याने तो लिहिला, अक्षर चांगले काढले. त्यानंतर वर्षभर 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे त्याने मला उत्तर दिले नाही. पुढील जून महिन्यात त्याचे नाव पटावर होते, तो आला नाही. आईबाप कामासाठी गाव सोडून गेले होते. त्यामुळे त्याच्या जाण्याचे खापर मी त्या एका शब्दावर फोडीत नाही. परंतु त्याच्या मौनाची जबाबदारी माझ्याकडे येते.

बंधुभगिनींनो, 'करला' हे रूप त्या मुलास कोणी शिकविले होते? त्याने 'बसला', 'उठला', 'चढला' ही रूपे ऐकली, त्यांतून परक्या भाषेचा नियम आपण होऊन शोधून काढला आणि तो नव्या धातूस लावला. उद्गामी पद्धती म्हणून आपण अध्यापक विद्यालयात जे शिकलो, ते त्या मुलाने कोणाच्या साहाय्यावाचून केले होते. त्याच वाक्यात त्याने 'अभ्यास' या पुल्लिंगी शब्दानुसार 'करला' असे पुल्लिंगी रूपही अचूक वापरले होते. शंभरातील नव्वद गुण त्याने मिळविले होते, आणि मी दहांसाठी त्याला शिक्षा केली. स्पेनमधील मूल 'साबो' म्हणते, आपले मूल 'करला' म्हणते. दोघांचीही चूक त्यांच्या प्रगतीची खूण आहे. जे मूल ऐकलेलेच शब्द पुन्हा म्हणते, त्याच्या हातून ही चूक होतच नाही.

यास्तव वर्गात उपयोगी पडतील अशा काही सूचना करतो.

१. नियमित रूपे प्रथम द्यावीत, आणि तीही वाक्यांतून. 'बसला, उठला, चढला' यांचा पुरेसा सराव झाल्यावर 'केला, गेला, आला' घ्यावेत. इंग्रजी शिकवितानाही हाच क्रम ठेवावा.

२. तक्ता शेवटी यावा. मुलांकडून पंधरावीस वाक्ये बोलून घ्यावीत, त्यांतील सारखेपणा त्यांनाच शोधू द्यावा, आणि त्यांनी सांगितलेला नियम फळ्यावर लिहावा. स्पॅनिश लोक शतकानुशतके बोलत होते. त्यांच्या भाषेचे नेब्रिहाने रचिलेले व्याकरण सालामांका येथे १४९२ साली छापले गेले. ज्ञानेश्वरी १२९० सालची, आणि दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. बोलणे आधी, व्याकरण मागाहून, हा भाषेचा क्रम आहे. वर्गात तो उलटू नये.

३. एका वेळी एकच पुरुष घ्यावा. आज सर्वांनी 'मी'ची वाक्ये सांगावीत, उद्या 'तू'ची जोड द्यावी. माझ्यासारखी सहा रूपांची माळ मुलांच्या गळ्यात एकदम घालू नये.

४. चुकीचे दोन प्रकार ओळखावेत. एक, नियम न कळल्यामुळे झालेली. दुसरी, नियम कळल्यामुळे झालेली. दुसरी आढळल्यास प्रथम 'नियम बरोबर लावलास' असे म्हणावे, आणि मग 'हा शब्द मात्र निराळा आहे' असे सांगावे. दुरुस्ती करावीच, ती टाळणे हेही मुलाचे नुकसानच आहे. पण ती अशी करावी की मूल पुन्हा उभे राहून बोलेल.

५. ते रूप मुलाच्या घरच्या बोलीतील असू शकते. तसे असल्यास 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगणे पुरेसे आहे.

जाताजाता एक स्वाध्याय देतो. 'पागार' हे स्पॅनिशमधील पहिल्या गणाचे क्रियापद आहे. अर्थ पैसे देणे. पोर्तुगीजमध्येही ते आहे, आणि आपला 'पगार' हा शब्द तेथूनच आला असे मानतात. पगार नेहमी नियमितच येतो असे नाही, हे आपण सर्व जाणतो. परंतु 'पागार' हे क्रियापद वर्तमानकाळात पूर्णपणे नियमित आहे. आज घरी जाऊन त्याची सहा रूपे स्वतः बनवावीत, 'आब्लार'कडे न पाहता. जमली, तर नियम सापडल्याचा आनंद काय असतो ते आपणांस कळेल. चुकली, तर सोमवारी वर्गात उभे राहून अडखळणाऱ्या मुलाची बाजू कळेल. दोन्ही लाभाचेच आहे.

त्या मुलाचे उत्तर ऐकण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही. आपणांस ती रोज मिळते. आपल्या वर्गात कोणी 'करला' म्हणाले, तर एकदा माझी आठवण ठेवून त्यास शाबासकी द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.